दादाची दाढ, भूल आणि कागदपत्रं: आमचा अनुभव

आधी सांगते हे कोणासाठी लिहितेय. घरात डाउन सिंड्रोम किंवा दुसरं बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं मोठं माणूस आहे, म्हणजे लहान मूल नाही, चांगलं तीस-चाळिशीचं, आणि कुठे दुखतंय ते त्याला शब्दांत सांगता येत नाही, अशा घरांसाठी. लहान मुलांबद्दल विचारलं तर कोणी ना कोणी काहीतरी सांगतं, मोठ्यांबद्दल विचारलं की सगळे गप्प होतात. आम्ही सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत जे काही केलं ते तारखांसकट लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोग होईल.

माझा दादा ३६ वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोम. बोलतो पण मोजकं, आई, नको, गाडी, बाप्पा, जेवूया, असं. देवगड तालुक्यात आमचं घर, थोडी हापूसची कलमं आहेत. सीझनला पेटीत पेंढा लावायचं काम दादाचं, आणि तो जसा सारखा थर लावतो तसा आमच्यापैकी कोणाला जमत नाही. बाबा गेल्यापासून घरात आई, मी आणि दादा.

२०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला होते. दादा म्हणजे आरतीला टाळ वाजवणारच, वाडीतली भजनं फिरतात तेव्हा शेवटच्या घरापर्यंत जाणार. त्या वर्षी पहिल्याच आरतीला त्याने टाळ खाली ठेवला आणि पडवीत जाऊन बसला. मोदक हातात घेतला, दाबून बघितला, परत दिला. रात्री झोप नाही, नुसता येरझाऱ्या घालायचा. गौरीच्या दिवशी ताट भिरकावलं. आयुष्यात कधी त्याने अन्न टाकलेलं नाही. घर चाकरमान्यांनी भरलेलं, कोणी म्हणालं गर्दीने बिथरला, कोणी म्हणालं दृष्ट लागली, काकीने दृष्ट काढली पण.

विसर्जन झाल्यावर लगेच एका डॉक्टरांकडे नेलं. नाव लिहित नाही. त्यांनी दादाला हात लावला नाही, लांबूनच बघितलं आणि म्हणाले ह्या पेशंटचं वयानुसार असंच होतं, चिडचिड वाढते, झोपेची गोळी देतो. गोळीने दादा दिवसभर गुंगीत, लाळ गळतेय, पायरी उतरताना तोल जातोय. डॉक्टरांना फोन करून विचारून ती बंद केली. तेव्हा आई जे बोलली ते मला अजून आठवतं, "बोलूक येणा नाय म्हणान दुखणा नाय असा थोडाच आसा?"

मला ह्या सगळ्या लिखाणात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्या माणसाचं वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये स्मृतिभ्रंश लवकर येऊ शकतो हे खरं आहे, त्यांच्यात २१ वं गुणसूत्र एक जास्त असतं आणि अल्झायमरशी संबंधित एक जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. पण तिथे पोचायच्या आधी थायरॉइड, कान, डोळे, दात, झोपेत श्वास अडकणं, बद्धकोष्ठ हे सगळं बघायला हवं, कारण ह्यातलं बरंचसं बरं होण्यासारखं असतं. "त्यांचं असंच असतं" हे उत्तर पहिल्या भेटीत कोणी दिलं तर ते मान्य करू नका, दुसरा डॉक्टर शोधा.

मग मी एक वही केली. किती वाजता काय खाल्लं, कुठल्या बाजूने चावलं, केव्हा ओरडला, केव्हा झोपला. आठवडाभरात वहीत दिसायला लागलं की त्रास जेवताना आणि रात्री आडवा झाला की. भाकरी चहात बुडवून उजव्या बाजूने खातोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुपारी माठाजवळचा थंड तांब्या उचलून डाव्या गालाला लावून उभा राहायचा, पाणी प्यायचा नाही, नुसता लावून ठेवायचा.

वही घेऊन कुडाळला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटून नीट वाचली आणि दोन गोष्टी सांगितल्या, दात दाखवा आणि थायरॉइड तपासा. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी असणं खूप कॉमन आहे आणि वर्षातून एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायचंच असतं, हे आम्हाला ३६ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. रक्त काढणं हा आमच्याकडे मोठा प्रश्न, पूर्वी चार जणांनी धरून काढलेलं, त्याची त्याला भीती बसलीय. ह्यावेळी डॉक्टरांनी सुन्न करणारं मलम लिहून दिलं, ते तासभर आधी कोपराच्या आत लावून वर प्लास्टिक चिकटवायचं, आणि लॅबच्या मुलाला घरी बोलावलं. दादा पडवीत आपल्या जागेवर बसला, आधी आईच्या हाताला रबर बांधून दाखवलं मग त्याच्या. काढलं रक्त, कोणी धरलं नाही. घरी येण्याचे शंभर रुपये जास्त गेले, पण ते पैसे द्याच.

टीएसएच १४ आला, साधारण साडेचारच्या आत पाहिजे असतो (हा आकडा वाढला म्हणजे थायरॉइड कमी). गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. सहा आठवड्यांनी परत तपासायचं.

दाताचं मात्र तसंच. ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या जरा आधी, कणकवलीच्या एका डेंटिस्ट बाईंकडे गेलो. दादा खुर्चीवर चढेना. बाईंनी जबरदस्ती केली नाही, बाहेर बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसल्या, आधी मोबाइलच्या टॉर्चने स्वतःचे दात दाखवले, मग माझे बघितले, मग त्याला म्हणाल्या दादा आता तुझा नंबर. दहा सेकंद आ केला असेल. तेवढ्यात त्यांना दिसलं, डावीकडची खालची दाढ अर्धी तुटलेली, हिरडीला पू. एवढं घेऊन हा माणूस दीड-दोन महिने फिरत होता. मला तिथेच रडू आलं.

बाईंनी समजावलं की डाउन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे आजार जास्त आणि लवकर होतात, तोंड लहान असतं, जीभ पुढे येते, त्यामुळे घासणं पण नीट होत नाही. पूर्ण तोंडाचं काम एकदाच भूल देऊन करावं लागेल आणि ते साध्या क्लिनिकमध्ये नाही, भूलतज्ज्ञ आणि मोठं हॉस्पिटल हवं. अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी सुरू केली आणि मुंबईच्या एका सरकारी दंत महाविद्यालयासाठी चिठ्ठी दिली. तिसऱ्या दिवशी दादा रात्रभर झोपला. त्या एका रात्रीनंतर आईचं आणि माझं ठरलं की काही झालं तरी हे काम पूर्ण करायचं. बाईंनी बजावलेलं की गोळीने दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नाही, पू परत होणार.

आता कागदपत्रं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आम्ही बाबा गेल्यावर २०२२ मध्येच काढलं होतं. स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा, मग ओरोसला जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी हजर व्हायचं, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची आणि रोजच्या व्यवहाराची चाचणी घेतात. दादाला मध्यम दिव्यांगत्व, ७५ टक्के असा दाखला मिळाला आणि पिवळं कार्ड आलं. ज्यांच्याकडे जुना हाताने लिहिलेला दाखला आहे त्यांनी तो सांभाळून ठेवा पण कार्ड करून घ्या, आता सगळीकडे तेच मागतात. बोर्डाच्या दिवशी सकाळी लवकर पोचा, खायला बरोबर घ्या आणि आपल्या माणसाच्या आवडीची एखादी वस्तू घ्या, कारण थांबावं लागतंच.

नोव्हेंबरमध्ये निरामय आरोग्य विम्याचा अर्ज केला. हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास ह्या संस्थेचा विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व ह्या चार प्रकारांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी मेडिकल तपासणी नाही, जन्मापासूनचं असेल तरी चालतं, आणि ओपीडी, तपासण्या, औषधं, थेरपी, प्रवासखर्च असे वेगवेगळे भाग आहेत, प्रत्येकाला वेगळी मर्यादा. आम्हाला ५०० रुपये भरावे लागले, दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० होते. दाखला, आधार, पासबुक, फोटो एवढंच लागलं. नोंदणीकृत संस्थेमार्फत केलं तर त्या लोकांना फॉर्म कसा भरायचा ते माहीत असतं. आमचा पहिला अर्ज अडकला कारण दादाच्या नावात बाबांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पासबुकावर वेगळं. ते दुरुस्त करण्यात दोन आठवडे गेले. तुमच्याकडे वेळ आहे तोवर सगळी कागदं समोरासमोर ठेवून नावं जुळतात का ते आजच बघा. पॉलिसी नंबर आला तो नाताळच्या आसपास. लक्षात ठेवा, हा विमा कॅशलेस नाही, आधी आपण खर्च करायचा मग बिलं पाठवायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला त्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीसाठी गेलो. कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेस, रात्रभर प्रवास, सकाळी दादरला. बौद्धिक दिव्यांग आणि त्याच्याबरोबरचा एक जण अशा दोघांना स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत असते, पण त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला सरकारी डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा दाखला लागला, तो जिल्हा रुग्णालयातून आधीच घेतलेला. एसटीला दादाला ७५ टक्के आणि आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाव ते कणकवली स्वस्तात झालं. मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे.

कॉलेजमध्ये गर्दी प्रचंड. पण केसपेपरच्या खिडकीवर कार्ड दाखवल्यावर आम्हाला वेगळ्या रांगेतून पुढे घेतलं. न मागता नाही, मागितल्यावर. तिथल्या डॉक्टरांनी भूल देण्याआधीच्या तपासण्यांची यादी दिली. लहानपणी दादाच्या हृदयाला बारीक भोक सांगितलेलं, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि भूल देताना मान मागे वाकवावी लागते, म्हणून मानेचा एक्स-रे, मान पुढे आणि मागे करून. थायरॉइड आटोक्यात आल्याचा रिपोर्ट. घोरतो का, झोपेत श्वास थांबतो का हे पण विचारलं. हे प्रश्न तुम्हाला कोणी विचारले नाहीत तर तुम्ही स्वतःहून सांगा, विशेषतः मानेचं.

तपासण्या आम्ही गावाकडेच केल्या. इकोचे दोन हजार, एक्स-रे, ईसीजी, रक्त मिळून आणखी अडीच हजाराच्या घरात. भोक आपोआप बंद झालेलं, मान व्यवस्थित, टीएसएच साडेतीनवर आला. रिपोर्ट फोनवर पाठवले आणि तारीख मिळाली, मंगळवार २१ जानेवारी २०२५.

मधल्या दिवसांत आम्ही दादाची तयारी केली आणि मला वाटतं ऑपरेशन नीट पार पडण्यात अर्धा वाटा ह्या तयारीचा आहे. ओपीडीला गेलो तेव्हा मी गेटचा, वॉर्डचा, खाटेचा, हिरव्या कपड्यातल्या डॉक्टरांचा फोटो काढून आणलेला, विचारूनच. ते प्रिंट करून वहीत क्रमाने चिकटवले. ट्रेन, मावशी, गेट, खाट, मास्क, झोप, आई, आइस्क्रीम, घर. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती वही बघायची. मेडिकलमधून वाफेचा मास्क आणला आणि रोज दोन मिनिटं तोंडावर धरायचा खेळ, आधी आई, मग मी, मग दादा. पहिले काही दिवस भिरकावला. नंतर स्वतः मागायला लागला.

आणि एक पान तयार केलं, हे प्रत्येक घरात असावंच. वर दादाचा फोटो, नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या. खाली, दुखलं की थंड वस्तू गालाला लावतो, घाबरला की कान झाकतो, "नको" म्हणजे खरंच नको, शौचाला जायचं असेल तर शर्ट ओढतो, मागून हात लावू नका, आईचा आवाज ऐकला की शांत होतो, एका वेळी एकच सूचना द्या. ह्याच्या झेरॉक्स काढून केसपेपरला लावल्या. वॉर्डमधल्या सिस्टरांनी ते पान खाटेच्या डोक्याशी चिकटवलं आणि ड्युटी बदलली तरी नव्या सिस्टर वाचून मग त्याच्याशी बोलायच्या.

संमतीच्या कागदाशी आम्ही थोडे अडलो. माणूस १८ वर्षांचा झाला की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. तिथे आईची आणि माझी दोघींची सही घेतली आणि डॉक्टरांनी दादालाही त्याची वही उघडून समजावलं, दाढ दाखवून "काढूया?" विचारलं. दादा म्हणाला "काढूया." मला ते फार बरं वाटलं.

२१ तारखेला पहिला नंबर मागून घेतला होता, कारण उपाशी ठेवणं हे त्याला समजावणं कठीण. मध्यरात्रीनंतर खाणं बंद, घोट घोट पाणी सांगितलेल्या वेळेपर्यंत. सलाईनची सुई झोपल्यावरच लावा अशी विनंती केली आणि भूलतज्ज्ञांनी मान्य केली. आईला टोपी आणि गाऊन घालून आत येऊ दिलं. मास्क आला तसा दादाने स्वतःच्या हाताने धरला. आई बाहेर आली ती थरथरत होती, जिन्याच्या पायरीवर बसून आम्ही दोघींनी चहा घेतला, तो प्यायलाच गेला नाही.

अडीच तास लागले. दोन दाढा काढल्या, चार दात भरले, सगळं साफ केलं. उठताना खूप रडला, सलाईन ओढायला बघत होता, मी गादीवर त्याच्याजवळ आडवी झाले तेव्हा शांत झाला. एक रात्र ठेवून घेतलं. खायला पहिले दिवस थंड पेज, दूध, आइस्क्रीम, मऊ भात. तिखट आणि सोलकढी बंद, ती मागत होता म्हणून आईने तेवढे दिवस घरात केलीच नाही. जखमेत बोट घालतो म्हणून रात्री हातात मऊ फडका धरायला द्यायचो.

आठवड्याने टाके बघून गावी आलो. त्यानंतर त्याने कडक भाकरी दोन्ही बाजूंनी चावून खाल्ली आणि आई बघत बसली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या पेट्या भरायला घेतल्या तर हा पहाटे उठून पेंढा घेऊन तयार. झोपेच्या गोळीची गरज परत कधी पडली नाही.

खर्च सगळा मिळून बावीस हजारांच्या आसपास, त्यात हॉस्पिटलचा भाग अगदी थोडा, बाकी तपासण्या, औषधं, गाडी, तिकिटं. निरामयचा क्लेम डिस्चार्जनंतर तीस दिवसांच्या आत पाठवायचा असतो. मूळ बिलं जातात म्हणून आधी झेरॉक्स काढा. प्रत्येक औषधाच्या बिलाबरोबर त्याच तारखेची चिठ्ठी लागते, आमची काही बिलं त्याशिवाय होती ती कापली गेली. आम्ही मागितलेल्या आठ हजारांतले सव्वापाच हजार मे महिन्यात खात्यात आले.

परत आल्यावर पालकत्वाचंही मार्गी लावलं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टात जावं लागत नाही. आईने अर्ज केला आणि पालक म्हणून माझं नाव दिलं. फेब्रुवारीत अर्ज, मग घरी येऊन चौकशी, दादाशी पण बोलले, त्याचं खातं, जमिनीतला वाटा, सगळं विचारलं. मध्ये निकाल लवकर येईना, ओरोसला फेऱ्या झाल्या, जूनमध्ये प्रमाणपत्र मिळालं. हे मिळालं म्हणजे संपलं नाही, नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. मी त्यासाठी वेगळी फाइल केलीय. आई धडधाकट असताना हे केलं म्हणून तिलाही समाधान आहे, "माझ्यामागे तेचा काय" हा विषय आमच्या घरात रोज निघायचा, आता कमी निघतो.

सध्याचं रूटीन सांगते. दात रात्री आई घासते, दादाला खुर्चीवर बसवून स्वतः मागे उभी राहते, त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवून, म्हणजे आतलं दिसतं आणि मान हलत नाही. ब्रश लहान मुलांचा, बारीक डोक्याचा. सकाळी तो स्वतः घासतो, कसाही घासला तरी चालेल. टीएसएच वर्षातून एकदा, निरामयचं नूतनीकरण ३१ मार्चच्या आत. डेंटिस्ट दर सहा महिन्यांनी, कणकवलीच्या त्याच बाई. जुलैत गेलो तेव्हा दादा खुर्चीवर चढला, मागे टेकायला मात्र तयार नाही, बाई म्हणाल्या काही हरकत नाही, बसूनच बघते.